पिंपावरचा हात

ही गोष्ट खरी आहे.

आधी एक सांगते. मी भूत मानत नाही. आमच्या घरात कुणीच मानत नव्हतं. माझे वडील, आबा, जालन्याकडून मुंबईला आले ते गावातले अंगारे-धुपारे तिकडेच टाकून आले. घरात सकाळी बुद्धवंदना व्हायची, बास. कुणाच्या अंगात आलं, कुणाला नजर लागली, असलं काही जेवताना निघालं तर आबा ताटावरून उठायचे.

म्हणूनच हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

डिसेंबर १९८३. रविवार होता. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. चांगली टळटळीत दुपार होती...

ठिकाण नाहूर. तेव्हा नाहूरला स्टेशन नव्हतं. मुलुंडला उतरून चालत जावं लागायचं. तिथल्या एका बैठ्या चाळीत टोकाची खोली माझ्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, रतनताईचा नवरा. नाव अंबादास.

ताईला जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

ताईला ऐकू यायचं नाही. लहानपणी मोठा ताप आला, त्यात कान गेले. मग हळूहळू बोलणंही गेलं. आम्ही घरातल्या घरात हाताच्या खुणा ठरवल्या होत्या, त्यावर आमचं सगळं चालायचं. ती हसायची मात्र मोठ्याने. आपला आवाज केवढा निघतो ते तिला कळायचं नाही ना.

दाजी भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होते आणि गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. मुलुंडला एका जयंतीच्या कार्यक्रमात ते पाणी प्यायला उठले, आणि परत येतात तो ताई त्यांच्या ढोलकीवर तळहात ठेवून बसलेली. लोक हसले. दाजी हसले नाहीत. ते समोर बसले आणि तिचा हात न हलवता हलकेच वाजवायला लागले.

पुढच्याच महिन्यात ते मागणी घालायला आले.

आबांनी स्पष्ट विचारलं, "पोरीला ऐकू येत नाही. माहितीय ना?"

"माहितीय," दाजी म्हणाले. "पण तिला कळतं."

ताईचं ऐकणं कसं होतं ते इथे सांगायला हवं. ढोलकी असो, दिमडी असो, चामड्यावर हात टेकवला की आवाज मरतो. नुसतं ठप्प होतं. पण ताईला ऐकायचं तर हात टेकवावाच लागायचा. म्हणजे ती ऐकायला बसली की बाकी कुणालाच काही ऐकू यायचं नाही.

दुसरा वादक असता तर वैतागला असता.

दाजींनी तिच्यासाठी मोठं वाद्य बनवलं. कारखान्यातून एक लोखंडी पिंप आणलं, कमरेएवढ्या उंचीचं. त्याचं तोंड आणि बूड कापून वर रेड्याचं कातडं ताणून बसवलं. बाजूला पत्र्याचे डबे, एक पितळी परात, दोन मातीच्या घागरी, ढोलकी. संध्याकाळी कामावरून आले की दाजी मध्ये उभे राहायचे आणि एकटेच सगळं वाजवायचे. गाणं नाही, पेटी नाही. फक्त ठोके. ताई पिंपाच्या पलीकडे उभी, तळहात कातड्याच्या मधोमध.

आवडलं तर हात तिथेच राहायचा. नाही आवडलं की काढून घ्यायची. मग दाजी तेवढा तुकडा बदलायचे. कधी ती स्वतःच त्यांच्या मनगटावर बोटांनी वाजवून दाखवायची, असं नको, असं हवं. दाजी सगळ्यांना सांगायचे, "रचना तिची आहे. मी नुसता हमाल."

चाळीतले चेष्टा करायचे. "अंबादास, गाणं कधी सुरू होणार रे? का भांडीच घासणार?"

पण मीरा मॅडम म्हणून एक बाई होत्या. अंधेरीला एका शाळेच्या हॉलमध्ये त्या महिन्यातून एकदा काहीतरी वेगळं करायच्या. नाटकाचे तुकडे, नाच, नवीन संगीत. कुणाकडून तरी ऐकून त्या नाहूरला आल्या. अर्धा तास उभ्या राहून ऐकलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही एकट्याने स्टेजवर करायचं. तासभर."

दाजींनी ताईला खुणेने विचारलं. ताईने आपल्या पोटाकडे बोट दाखवलं. आधी हे होऊ दे, मग.

तिला आठवा महिना होता.

त्याच महिन्यात तिचं ब्लडप्रेशर वाढलं. झटके आले. हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता. मुलगी झाली. ती रडलीच नाही. संध्याकाळपर्यंत ताईही गेली. एकाच दिवशी आम्ही दोघींना पोचवून आलो.

त्यानंतर दाजींनी पिंपावर चादर टाकली. वर्षभर हात लावला नाही. आम्हाला वाटलं, संपलं.

मग मीरा मॅडमचा निरोप आला. जानेवारीत करता का? जमेल का? दाजींनी बराच विचार केला आणि हो म्हणून कळवलं. "तिने बसवलेलं आहे," आईला म्हणाले. "निदान एकदा लोकांनी ऐकायला पाहिजे."

तर तो डिसेंबरातला रविवार.

आईने डबा दिला म्हणून मी दाजींकडे निघाले होते. मी एकोणीस वर्षांची होते. चाळीच्या तोंडाशी आले तेव्हा वाजवणं ऐकू येत होतं. डबे, परात, घागर. वर्षभराने तो आवाज ऐकला आणि मला भरून आलं. आता पिंपाचा मोठा ठोका येणार, मला माहीत होतं. तो ठोका आला की अख्ख्या चाळीचे पत्रे थरथरायचे.

पण आलं ते...

ठप्प.

मी थांबले. परत डबे, परत घागर. आणि परत...

ठप्प.

आत गेले तर दाजी घामाघूम. डोळे लाल. मला वाटलं, रडतायत.

"शकु, दार लावून घे," ते म्हणाले. "आणि इथे उभी राहा. बघ."

त्यांनी दोन्ही हात उचलून पूर्ण जोराने पिंपावर मारले. मी डोळ्यांनी पाहिलं. हात जोरात पडले.

ठप्प.

"कातडं ओलं असेल," मी म्हणाले.

"डिसेंबरात? सकाळी शेकलंय मी. बोल्ट आवळलेत. तू मार."

मी घाबरत एकच थाप मारली. पिंप असं घुमलं की फळीवरची भांडी वाजली. शेजारून कुणीतरी ओरडलं, "अरे, झोपू द्या की जरा!"

"आता मी," दाजी म्हणाले.

ठप्प...

"मी दुसरं काही वाजवलं तर वाजतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तिने बसवलेलं वाजवायला लागलो की असं होतं. मधोमध. तिथेच."

ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी कातड्याच्या मधोमध हात ठेवला. का ठेवला, माहीत नाही.

सगळं कातडं गार होतं.

मधली जागा कोमट होती... आत्ताच कुणी हात उचलल्यासारखी.

डबा तिथेच ठेवून मी घरी पळाले.

आबांना सांगितलं तर ते चिडले. दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. त्यांच्यासमोरही तेच झालं. आबांनी पिंप आडवं केलं, आतून हात घालून बघितलं, बोल्ट बघितले. मग म्हणाले, "दुःखाने तुझा हात जड झालाय, अंबादास. दुसरं काही नाही."

"असेल, आबा," दाजी म्हणाले. वाद घातला नाही.

आई मात्र घरी येऊन रडत बसली. माझी आई, सोनूबाई, कधी आबांच्या शब्दाबाहेर गेली नाही. त्या दिवशी म्हणाली, "मानखुर्दला एक जण आहे म्हणतात. त्याला दाखवू. माझी लेक अडकलीय तिथं."

"त्या माणसाला घरात आणलंस तर मी घर सोडीन," आबा म्हणाले.

मग आई एकटीच दाजींकडे गेली. मी सोबत होते. तिने दाजींचा हात धरला. "वाजवू नको रे बाबा. तू वाजवतोस म्हणून ती येती. जाऊ दे तिला."

दाजींनी हात सोडवून पिंपाच्या मधोमध ठेवला.

"मी नाही वाजवलं तर ती कुठे जाईल, आई?"

आई उठली आणि आम्ही घरी आलो.

महिनाभर दाजी रोज वाजवत होते. अंगावर थोडं मांस आलं. दाढी करायला लागले. वाजवता वाजवता मध्येच पिंपाच्या पलीकडे बघून हाताने खुणा करायचे. त्या खुणा मला कळायच्या. "हे ठीक आहे का?" "इथे थांबू?" मग जरा वेळ वाट बघायचे आणि मान हलवून तो तुकडा बदलायचे.

मला एकच काळजी होती. कार्यक्रमात काय होणार? तासभराचा शेवटचा भाग सगळा पिंपावर होता. लोकांसमोर नुसतं ठप्प ठप्प झालं तर?

"होऊ दे," दाजी म्हणाले. "त्यांना नाही ऐकू आलं तर नाही. ती ऐकेल ना."

शनिवार, संध्याकाळ. अंधेरीची ती शाळा. टेम्पोतून पिंप नेलं. हॉल निम्मा भरला होता. झब्बेवाली मंडळी, काही कॉलेजची मुलं. आई, आबा आणि मी पहिल्या रांगेत.

दाजी एकटेच स्टेजवर. पांढरा शर्ट, जो ताईने शिवला होता.

डब्यांपासून सुरुवात केली. मग परात. मग घागरींवर बोटांनी इतकं बारीक वाजवलं की मागच्या रांगेतले पुढे वाकले. खोकलासुद्धा कुणी काढला नाही. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण दोन माणसं बोलतायत, एकमेकांचं ऐकून घेतायत, एवढं कुणालाही कळलं असतं.

मग ते पिंपाकडे वळले. समोर बघून जरासे हसले. हात उचलले.

आईने माझं मनगट धरलं.

पिंप घुमलं.

असं घुमलं की हॉलच्या खिडक्या थरथरल्या. लोकांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

दाजी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

परत मारलं. परत घुमलं. मोकळं, भरलेलं, सुंदर.

ती आली नव्हती...

हॉलमध्ये हे फक्त आम्हा चौघांना माहीत होतं. बाकीच्यांना वाटत होतं, काय वाजवतोय हा माणूस. तो वाजवत नव्हता. तो शोधत होता. मधोमध मारत होता, डावीकडे मारत होता, जोरात, हळू, थांबून, परत. प्रत्येक ठोका मोकळा पडत होता. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मागून कुणीतरी हळूच वाह म्हणालं.

शेवटी ते थकले. ठोके हळू झाले. नुसती बोटं कातड्याच्या कडेने फिरत होती.

आणि मग आवाज बदलला.

पूर्ण ठप्प नाही. कडेला कुणी बोट टेकवलं की आवाजात गाठ पडते ना, तसा. एकदा पडली. सुटली. परत पडली...

तालात नव्हती. कशातच नव्हती. उगाच ठेवावा, उगाच काढावा, तशी.

दाजींनी मान वर केली. समोर बघितलं. मग त्यांची नजर हळूहळू खाली गेली. पिंपाच्या काठापर्यंत... त्याच्याही खाली.

ते अगदी हलकं वाजवायला लागले. एवढं हलकं की पहिल्या रांगेतही जेमतेम पोचावं. बराच वेळ. मग हात काढून घेतले आणि उभे राहिले.

टाळ्या थांबेनात. मीरा मॅडम रडत होत्या. पुढच्या महिन्यात परत करू म्हणाल्या. दाजींनी हात जोडले आणि नाही म्हणाले.

शाळेच्या फाटकाबाहेर टेम्पोची वाट बघत आम्ही उभे होतो. शेवटी मीच विचारलं.

"ताई आली होती ना? शेवटी आवाज बदलला."

"ती नव्हती, शकु."

"मग?"

त्यांनी दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. "एवढंच. अगदी कडेला. टाचा उंच करून हात पुरला असेल."

आईने पिंपाच्या कडेला हात ठेवला.

आबा रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "केवढी असती रे आता?"

"चालायला लागली असती," आई म्हणाली. "धरून धरून."

ताई परत कधी आली नाही. पिंपाचा मधला भाग त्यानंतर कधीच बंद पडला नाही. ती कुठे गेली, पोरीला एकटी सोडून का गेली, की पोरीला बापाकडे पोचवायलाच थांबली होती... मला माहीत नाही.

दाजींनी पुन्हा स्टेजवर वाजवलं नाही. दुसरं लग्न केलं नाही. कारखान्याने क्वार्टर देऊ केलं तेही घेतलं नाही. रोज कामावरून आले की पिंपासमोर उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "एकटी आहे गं ती. कोण आहे तिला?"

आबा दर रविवारी तिकडे जायला लागले. जाऊन कोपऱ्यात नुसते बसायचे. परत आल्यावर एकदा त्यांच्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या पडल्या. मी वेचून दिल्या. त्यांनी वर बघितलं नाही.

माझं लग्न झालं, मी कुर्ल्याला गेले. अधूनमधून नाहूरला जायचे. दर वेळी दाजी मला पिंपाजवळ बोलवायचे आणि दाखवायचे. इथपर्यंत. बघ, आता इथपर्यंत.

ती गाठ दर वर्षी काठापासून थोडी आत सरकत होती.

हात लांब होत होता...

शेवटचं सांगते. १९८९, मार्च. आबा त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते. मी संध्याकाळी चारच्या सुमाराला दाजींकडे गेले. दार उघडं होतं. दाजी पिंपासमोर नव्हते. ते खाली बसले होते, पुढ्यात पत्र्याचा डबा घेऊन. पिंप त्यांच्यापासून हातभर लांब. जवळपास कुणी नाही.

दाजींनी डब्यावर चार ठोके दिले. साधेच.

आणि थांबले.

पिंपातून आवाज आला. एक. दोन. तीन... मग बराच वेळ काही नाही. मग चुकीच्या जागी, घाईघाईने, चौथा.

मी चौकट धरली.

"नाही," दाजी समजावत म्हणाले. "घाई नको. परत."

चार ठोके.

एक. दोन. तीन. चार.

"शाबास," ते म्हणाले. मग त्यांना मी दिसले. घाबरले नाहीत, दचकले नाहीत. घरात पाहुणं आल्यावर माणूस हसतो तसे हसले. "ये, बस. आजकाल हात ठेवून नाही बसत. वाजवायचं असतं."

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त रडू येत होतं. त्या माणसाचे केस पांढरे झाले होते. खोलीत एकच ताट, एकच पेला. मी म्हणाले, "दाजी, पुरे करा आता. चला माझ्याकडे कुर्ल्याला. ती पोर गेली. ती जन्मताच गेलीय. ताईबरोबरच..."

दाजींनी घाईने हात वर करून मला थांबवलं. पिंपाकडे एकदा बघितलं. मग माझ्याजवळ येऊन अगदी कानात म्हणाले,

"हळू बोल. हिला ऐकू येतं."

मी पिंपाकडे बघितलं. काहीच नव्हतं. कातडं, बोल्ट, गंजलेलं लोखंड.

मी आणखी थोडा वेळ वाट बघितली.

त्यानंतर मी तिथे होते तोवर पिंपातून एकही आवाज आला नाही. दाजींनी डबा परत परत वाजवला. आधी चार ठोके, मग दोन, मग एकच. थांबून ऐकत राहिले. मग ते पिंपाशी गुडघ्यांवर बसले आणि हळू आवाजात काहीतरी सांगत राहिले. मला शब्द कळले नाहीत. मी चपला हातात घेऊन बाहेर आले.

दुसऱ्या आठवड्यात गेले तर खोलीला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, अंबादास पिंप टेम्पोत घालून कुठेतरी गेला. कुठे, ते सांगून गेला नाही. कारखान्यातही कुणाला माहीत नव्हतं.

ते मला परत भेटले नाहीत.

मी जे बोलले ते खरंच बोलले होते. तरी त्या दिवसापासून मी गेलेल्या माणसाबद्दल घरात कधीच मोठ्याने बोलत नाही... विशेषतः ते गेलंय, असं.